कुठली पिन कुठं बसते? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुरुस्तीचं दुकान बेळगावात, शहापूरच्या बाजूला. गिऱ्हाईक खानापूरचं, वडगावचं, उद्यमबागेतल्या कारखान्यांतलं, मधूनच निपाणी-चिकोडीकडचं. कोण मराठीत बोलतं, कोण कन्नडात, पण एक शब्द सगळ्यांचा एकच : पिन. केबलचं टोक म्हणजे पिन, लॅपटॉपचं भोक म्हणजेही पिन, त्या भोकाच्या आतली तार म्हणजेही पिनच. मग फोनवर "ओ मामा, पिन गेली" असं ऐकलं की पुढची दहा मिनिटं नेमकं काय गेलंय हे शोधण्यात जातात. त्या फोनांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

पोर्ट कशाला म्हणायचं आणि कनेक्टर कशाला?

मशीनच्या अंगावर असतं ते पोर्ट, केबलच्या टोकाला असतो तो कनेक्टर. खाच आणि पिन म्हटलंत तरी आम्हाला समजतं. फक्त "केबल गेली" की "खाच गेली" एवढं ठरवून या, कारण केबल शे-दोनशेत येते आणि खाच बदलायची म्हणजे मशीन उघडून खटाटोप करावा लागतो. ठरवायची रीत सोपी : तीच केबल दुसऱ्या मशीनला लावून बघायची. तिथं चालली तर दोष खाचेत.

यूएसबीचे इतके प्रकार कशाला केले?

खरं तर प्रकार कमी करायलाच यूएसबी आली. त्याआधी कीबोर्डला एक खाच, माऊसला दुसरी, प्रिंटरला हातभर रुंदीची तिसरी. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. ती घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट होते, बडोद्यात शिकलेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तोंडं तेवढी ओळखा. चपटी, आयताकृती, पेन ड्राइव्हची ती टाइप-ए. प्रिंटरच्या मागची चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेली ती टाइप-बी. जुन्या मोबाईलची बारकी ती मायक्रो. तिलाच आपल्याकडं 'बी-टाइप' म्हणतात. मग कुणी प्रिंटरची बी मागायला येतो आणि मोबाईलची घेऊन जातो. आणि लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारी ती सी-टाइप.

काही खाचा आतून निळ्या का असतात?

निळी म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३. काळी किंवा पांढरी म्हणजे २. मात्र रंग हा रिवाज आहे, कायदा नव्हे. काही लॅपटॉपांत ३ ची खाचही काळीच असते. तेव्हा खाचेशेजारी 'एसएस' अशी दोन इंग्रजी अक्षरं आहेत का बघा. नाहीतर टॉर्च मारून आत बघा : २ मध्ये चार पट्ट्या, ३ मध्ये नऊ.

फरक किती? कागदावर २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि २००८ साली आलेल्या ३.० चा ५ गिगाबिट, म्हणजे दसपट. प्रत्यक्षात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांचं उदाहरण घ्या. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड २.० च्या रीडरवर सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या (आठ बिटांचा एक बाइट) आसपास उतरतं, म्हणजे अर्धा तास. तेच कार्ड चांगल्या प्रतीचं असेल आणि रीडर व खाच दोन्ही ३ च्या असतील तर बारा-पंधरा मिनिटांत काम होतं. तुळशीच्या लग्नानंतर रोज चार कार्डं उतरवणाऱ्याला हा हिशेब पुरेसा आहे.

अजून एक गंमत सांगतो. ३ चा पेन ड्राइव्ह हळूहळू, चाचपडत घातला तर तो कधीकधी २ म्हणून लागतो, कारण जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि मशीन तेवढ्यावरच समाधान मानतं. वेग कमी वाटला तर काढा आणि एका झटक्यात सरळ आत घाला.

वायरलेस माऊस अडखळतो. माऊस बदलू का?

थांबा. त्याचं बारकं रिसीव्हर निळ्या खाचेत, चालू हार्ड डिस्कच्या शेजारी आहे का? यूएसबी ३ चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि तुमचा माऊस नेमका तिथंच बोलत असतो. रिसीव्हर लांबच्या काळ्या खाचेत लावा. निम्मे माऊस असेच 'दुरुस्त' होऊन परत गेलेत, आणि मी पैसे घेतले नाहीत, हेही लिहून ठेवतो.

सी-टाइप ती सी-टाइप. मग एका केबलनं सगळं का होत नाही?

गेल्या तीन-चार वर्षांत सगळ्यांत जास्त डोकं या प्रश्नानं खाल्लंय, म्हणून इथं जरा बसून सांगतो.

सी-टाइप हे तोंडाचं नाव आहे, कामाचं नव्हे. २०१४ साली हे तोंड आलं. आत २४ पट्ट्या, वर बारा, खाली बारा. म्हणून उलटसुलट कसंही बसतं. पण त्या सगळ्या पट्ट्यांना मागं तारा जोडल्याच पाहिजेत असं नाही. मोबाईलच्या डब्यातली केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि यूएसबी २.० एवढंच करते. तिच्यावर लॅपटॉपचं चित्र मॉनिटरला जात नाही. केबल बिघडलेली नसते, तिच्या पोटात त्या तारा घातलेल्याच नसतात.

लॅपटॉपच्या खाचेचंही तसंच. एकीतून फक्त डेटा, दुसरीतून डेटा आणि चार्जिंग, तिसरीतून चित्रसुद्धा. खाचेशेजारची खूण बघा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे घरातला थोरला भाऊ, सगळी कामं करतो; त्याची तिसरी आणि चौथी आवृत्ती सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत जाते. 'डी' आणि 'पी' गुंफलेली खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र बाहेर येणार. बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असेल तर बहुधा चार्जिंग होणार. काहीच खूण नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून तपासायचं. अंदाजानं डॉक, म्हणजे एका खाचेच्या अनेक खाचा करणारी डबी, विकत घेऊ नका.

वडगावच्या एका पोरानं ऑनलाइन आठ तोंडांचा हब मागवला होता. एचडीएमआय म्हणजे टीव्ही-मॉनिटरला चित्र देणारी खाच, लॅन म्हणजे नेटच्या वायरची, कार्ड रीडर, सगळं त्यात. लॅपटॉपला लावला, सगळं चाललं, एचडीएमआय सोडून. त्यानं हब दोनदा बदलून मागवला. तिसऱ्यांदा माझ्याकडं आला तेव्हा मी हबकडं बघितलंच नाही, लॅपटॉप उलटा करून खूण शोधली. नव्हती. त्या खाचेतून चित्र येणारच नव्हतं. हब बिचारा निर्दोष.

मोबाईलच्या चार्जरनं लॅपटॉप चार्ज होईल का?

लॅपटॉप सी-टाइपवर चार्ज होणारा असेल आणि चार्जर 'पीडी' म्हणजे पॉवर डिलिव्हरीचा असेल तर होईल, पण वॅट बघा. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि चार्जर २० चा असेल तर कुरकुरत चार्ज होईल किंवा मुळीच होणार नाही. जळणार मात्र नाही, कारण पीडीमध्ये दोघं आधी बोलतात, किती व्होल्ट घ्यायचे ते ठरवतात आणि मगच वीज सोडतात.

केबलचाही वाटा आहे. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढं जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते, जिच्या टोकात एक चिप असते. २०२१ सालच्या सुधारणेनंतर २४० वॅटपर्यंतही जाता येतं. केबलवर वॅट छापलेले नसतील आणि दुकानदार "सब चलता है" म्हणत असेल तर पुढच्या दुकानात चला.

गोल पिनचा जुना चार्जर असेल तर तिथं हे बोलणं-ठरवणं बहुतेक नसतंच. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर लिहिलं असेल तर तो ६५ वॅटचा. आणि पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही. गोल पिनी आतून-बाहेरून अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाच्या असतात. सैल बसलेली पिन ठिणगी टाकते आणि खाच काळी करते.

शाळेचा जुना प्रोजेक्टर आहे, नवा लॅपटॉप लावायचाय. काय घेऊ?

जुन्या प्रोजेक्टरला निळी, तीन ओळींत १५ भोकांची खाच असते. ती व्हीजीए, १९८७ सालची. नव्या लॅपटॉपला एचडीएमआय. मधे कन्व्हर्टर लागतो, आणि इथंच मास्तर लोक फसतात. 'एचडीएमआय टू व्हीजीए' आणि 'व्हीजीए टू एचडीएमआय' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आधी लिहिलंय तिथून चित्र निघतं, नंतर लिहिलंय तिथं पोचतं. उलटं लावून चालत नाही. नुसती साधी केबलही चालत नाही, कारण एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग. भाषांतराला आत चिप लागते.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेचे सर भर पावसात उलटा कन्व्हर्टर घेऊन आले होते. ज्यानं विकला त्यानं म्हणे सांगितलं होतं, "दोन्हीकडनं चालतोय की." बदलून दिला. तो उलटा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन पोरांना दाखवायला.

व्हीजीएतून आवाज जात नाही, तेव्हा आवाजाची वायर असलेला कन्व्हर्टर घ्या किंवा स्पीकर थेट लॅपटॉपला लावा.

आणि पडदा पिवळा दिसतोय म्हणून प्रोजेक्टर दुरुस्तीला टाकू नका. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा यांना एकेक पिन असते. निळ्याची वाकली की चित्र पिवळं, हिरव्याची वाकली की जांभळट गुलाबी, लालची वाकली की आकाशी. बारीक चिमट्यानं पिन सरळ करा. मधल्या ओळीत एक पिन नसली तर घाबरू नका. पुष्कळ केबलांत नववी पिन मुळातच घातलेली नसते.

गणपतीच्या मंडपात स्क्रीन लावायची आहे. किती लांबीची एचडीएमआय घेऊ?

साधी तांब्याची केबल असेल तर दहा मीटरच्या आत राहा. त्यापुढं चित्र लुकलुकतं, मधेच काळं होतं, आणि आरतीच्या ऐन वेळी सगळे तुमच्याकडं बघतात. जास्त लांब जायचं तर दोन वाटा. एक, एचडीएमआय एक्स्टेंडर : दोन डब्या आणि मधे लॅनची कॅट-६ वायर. दुसरी, आत फायबर असलेली एचडीएमआय केबल. हिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. मंडपाच्या छतावरून वायर ओढून, ताडपत्री बांधून झाल्यावर टोकं उलटी आल्याचं कळलं, असं एका मंडळाचं झालंय. आधी जमिनीवर जोडून बघा, मग चढवा.

नवीन ग्राफिक कार्ड टाकलं, तर स्क्रीनवर काहीच येत नाही.

मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्या, खाचेतच राहिलीय. मागं बघा : वरती उभ्या खाचा मदरबोर्डच्या, खाली आडव्या कार्डच्या. खाली लावा. पुढं.

डिस्प्लेपोर्ट म्हणजे एचडीएमआयच ना?

दिसायला भाऊ-भाऊ. एचडीएमआयचे दोन्ही खालचे कोपरे निमुळते, डिस्प्लेपोर्टचा एकच छाटलेला. डिस्प्लेपोर्टच्या पिनवर पुष्कळदा खटका असतो. तो न दाबता ओढलीत तर खाचच बाहेर येईल. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडं जायला बहुतेक ठिकाणी स्वस्त केबल चालते. उलट जायला चिपवाला कन्व्हर्टर लागतो.

नेटचा प्लॅन ३०० चा आहे, कॉम्प्युटरवर ९५ च्या वर जात नाही.

हे ९५ ऐकलं की मी डोळे मिटून सांगतो : वायरची पिन बघा. लॅनच्या पारदर्शक पिनमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर मशीन मुकाट्यानं १०० वर उतरतं. नेट चालू दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

क्रम पाठ करून ठेवा : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. खटका खाली, पिनचं तोंड पलीकडं आणि वायर आपल्याकडं धरून डावीकडून. दोन्ही टोकांना तोच. कॅट-५ई असली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतं. उगीच कॅट-८ घेऊन पैसे घालवू नका.

फायबरवाल्या डबीला येणारी हिरवी पिन वेगळी. तिचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळ्या पिनचं तसं नसतं. हिरवी हिरव्यातच घाला, आणि काचेचं टोक शर्टाला पुसू नका.

वळीव पडला की लॅनची खाचच का जाते?

कारण लोक वीज कडाडली की स्विच बंद करतात, पण लॅनची वायर तशीच ठेवतात. गच्चीवरून, खांबावरून आलेली तांब्याची वायर विजेचा झटका थेट मदरबोर्डात आणते. एप्रिल-मे महिन्यात खानापूर, जांबोटीकडून येणाऱ्या मशीनांत हीच तक्रार. ढग दिसले की लॅन उपसा. खाच गेलीच असेल तर मदरबोर्ड बदलायच्या आधी यूएसबीवर लागणारं लॅन अडॅप्टर लावून बघा, पुष्कळांचं त्यावर भागतं.

नऊ पिनांची ती जुनी खाच आता कशाला लागते?

उद्यमबागेत जाऊन हे विचारू नका, हसतील! सीरियल पोर्ट, आरएस-२३२. सीएनसी मशीनला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राला, प्रोग्रॅम चढवायला अजून कित्येक ठिकाणी हीच. उसाच्या वजनकाट्यावरचा आकडा कॉम्प्युटरला देते तीही हीच. नव्या लॅपटॉपला ती नसते, म्हणून यूएसबी टू सीरियल केबल घ्यायची.

ती घेतली की काम झालं असं मात्र नाही. पहिलं, वेग, पॅरिटी, डेटा बिट, स्टॉप बिट ही सेटिंगं मशीनवर आणि लॅपटॉपवर सारखी हवीत; एक जरी चुकलं तरी स्क्रीनवर कचरा अक्षरं येतात. दुसरं, केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की विंडोज तिला नवा 'कॉम' नंबर, म्हणजे सीरियल पोर्टचा क्रमांक, देऊ शकतं आणि सॉफ्टवेअर जुन्या नंबरवर वाट बघत बसतं. खाच ठरवा, तिच्यावर नेल पॉलिशचा ठिपका लावा. तिसरं, दोन आणि तीन नंबरच्या तारा कधी सरळ, कधी आडव्या लागतात. मशीनच्या पुस्तकात बघा.

आणि जोडताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. लॅपटॉपचं अर्थिंग एकीकडं, मशीनचं दुसरीकडं, आणि दोघांत फरक असला की तो फरक त्या बारक्या तारेतून वाहतो. सीएनसीचं कार्ड उडालं तर त्याची किंमत लॅपटॉपहून जास्त असते. एका कारखान्यात हे माझ्यासमोर झालंय. धूर निघाला नाही, आवाज झाला नाही, फक्त पोर्ट कायमचं गप्प झालं.

जांभळी आणि हिरवी गोल खाच?

पीएस/२. जांभळी कीबोर्डची, हिरवी माऊसची. चालू मशीनमध्ये काढघाल करू नका, बंद करून मगच लावा.

मोबाईलचा हेडफोन कॉम्प्युटरला लावला, ऐकू येतं पण बोलणं जात नाही.

पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. तीन असतील तर त्या एकाच पिनमध्ये माइकही आहे. डेस्कटॉपच्या मागं माइक आणि आवाज वेगवेगळे : हिरवी खाच स्पीकरची, गुलाबी माइकची, निळी बाहेरून आवाज आत घ्यायची. मधे वाय आकाराचा स्प्लिटर लावा. लॅपटॉपला एकच खाच असून तिच्याशेजारी माइकसह हेडफोनचं चित्र असेल तर थेट चालेल.

जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकायची. कुठली आणू?

आधी उघडून बघा, मग आणा. अडीच इंची हार्ड डिस्क असेल तर साटा एसएसडी, डोळे झाकून. बोटभर पट्टीची एम.२ असेल तर दोन गोष्टी. लांबी : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. आणि जात, म्हणजे मशीनशी बोलायची पद्धत : साटा की एनव्हीएमई. दोन्ही एकाच खाचेत बसल्यासारख्या वाटतात, पण फक्त साटा ओळखणाऱ्या खाचेत एनव्हीएमई दिसतच नाही. सी-टाइपचीच गोष्ट, तोंड सारखं आणि पोट वेगळं.

खाच सैल झालीय, पिन आपोआप पडते. बदलू का?

मोबाईल असो वा लॅपटॉप, सी-टाइप सैल वाटली तर दहातल्या सहा वेळा आत खिशातली कापसाची लोंबं दाबून बसलेली असतात. मशीन बंद करा, लाकडी टूथपिकनं कडेकडेनं अलगद उकरा. सुई नको, पिन नको, फुंकर तर मुळीच नको, तिच्यात थुंकीचा ओलावा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांब्यावर हिरवट बुरशीसारखं चढतं, ते मात्र दुकानातच धुऊन घ्या.

दुकानात येताना काय आणू?

शक्य असेल तर मशीनच आणा. नाहीतर दोन्ही खाचांचे समोरून, उजेडात काढलेले फोटो. "माझ्या मेहुण्याकडं आहे तसली" या वर्णनावर आजपर्यंत एकही केबल बरोबर गेलेली नाही.

मोबाईल नसेल तरी अडत नाही. वडगावचे एक विणकर मामा आले होते, मागाच्या जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डबीला केबल हवी होती. कॅलेंडरच्या फाटक्या पानावर त्यांनी खाच काढून आणली होती, पेन्सिलीनं : वर पाच भोकं, खाली चार, दोन्ही अंगाला स्क्रू, आणि वरची बाजू खालच्यापेक्षा जरा रुंद. आयुष्यभर नक्षीचे ठिपके मोजलेला हात. मी कपाटातून नऊ पिनांची सीरियल केबल काढून दिली. संध्याकाळी फोन आला, "बसली बघा."